प्रमाणाची बाटली

बनसोडे सरांनी मेणाची कांडी चिमट्यात धरली आणि पितळी पेटीच्या भोकातून हळूहळू आत सोडायला लागले.

"जपून," द्वारकाबाई म्हणाल्या. "थंड हाय. मोडंल."

"माहीत आहे मला," सर म्हणाले, आणि कांडी मोडली.

सोसायटीच्या आबाराव चेअरमननी तोंडावर उपरणं धरून खोकल्यासारखं केलं. द्वारकाबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी दुसरी कांडी उचलली, दोन्ही तळव्यांत धरून जरा वेळ चोळली आणि सरांच्या हातात दिली.

"आता घाला. अंगाची ऊब लागल्याबगर ती सरळ जायची न्हाय."

या वेळी कांडी सुतासारखी सरळ गेली. ऊब निघून जावी म्हणून सर पाच मिनिटं थांबले, मग लहरी मोजायच्या वेव्हमीटरची चकती फिरवायला लागले. शेजारच्या मीटरचा काटा एका जागी दचकल्यासारखा खाली आला. सरांनी चकतीवरचा आकडा वहीत लिहिला आणि लिहून झाल्यावर पुन्हा चकतीकडं बघितलं.

"काय निघालं?" आबारावांनी विचारलं.

"थांबा जरा."

"म्हंजे वाईटच निघालं," आबाराव खिडकीकडं बघत म्हणाले.

शहाऐंशीचा मार्च होता. रविवार असल्यामुळं तालुक्याच्या कॉलेजात चिटपाखरू नव्हतं. खाली आवारात टँकरची वाट बघणाऱ्या घागरींची रांग तेवढी सकाळपासून उभी होती. या वर्षीचा दुष्काळ बहात्तरच्या तोडीचा आहे की नाही यावर जिल्ह्यात ठिकठिकाणी वाद चालू होते, आणि बहात्तर ज्यांनी बघितलं होतं ते वादात पडत नव्हते.

अणदूरची मध आणि मेणाची सोसायटी त्या बहात्तरच्याच पोटची. दुष्काळी कामावर खडी फोडून फोडून हात सोलवटलेल्या माणसांनी काढलेली. नळदुर्गाकडच्या कड्यांवरची आग्या मोहळं झाडायची, मध गाळायचा, पोळी वितळवून मेणाच्या ढेपा पाडायच्या. मेणाची भट्टी पहिल्या दिवसापासून द्वारकाबाई बंडगरांकडं होती. तेरा वर्षं. प्रत्येक ढेपेचा कण त्या चावून बघत, आणि मनासारखी उतरली असेल तर ढेपेच्या कोपऱ्याला दात उमटवून ठेवत. कुणी शिक्का करून घ्या म्हटलं, तर शिक्का खोटा करता येतो, माझा दात कोण करील, असं त्यांचं उत्तर. अणदुरात 'दात लागला का?' म्हणजे माल पास झाला का, एवढाच अर्थ उरला होता.

आणि आता पुण्याच्या खरेदीदाराचं पत्र आलं होतं. नमुना आमच्याकडील शुद्ध मेणाशी जुळत नाही, भेसळीचा संशय येतो, माल परत पाठवला आहे. उद्या सोमवारी संचालकांची बैठक होती. भट्टी बाईंकडून काढून घ्यावी असं निम्म्या मंडळींनी बैठकीआधीच ठरवून टाकलं होतं. कॉलेजातले बनसोडे सर मेणावरच पीएच.डी. करतात, त्यांच्या यंत्राचा कागद आणतो, मग काय ते ठरवा, असं म्हणून आबारावांनी एका दिवसाची मुदत मिळवली होती. कागद चांगला आला तर भट्टी राहणार होती.

भट्टी गेली असती तर द्वारकाबाई कुठंही रोजानं गेल्या असत्या. पण 'भेसळ' हा शब्द त्यांच्या काळजात रुतून बसला होता. चार दिवसांत त्यांनी धड भाकरी खाल्ली नव्हती.

"सर," त्या म्हणाल्या, "तुमचं यंत्र काय करतं ते तर सांगा. मला फाशी द्याची तर दोरी बगू द्या."

सर हसले. जळकोटचा माणूस, बापानं सडकेवर मुकादमाच्या शिव्या खाऊन शिकवलेला. शिकवण्याची हौस होती आणि कुणाला अडाणी समजायची खोड नव्हती.

"रिकाम्या घागरीत तोंड घालून हुंकार दिला की घुमतो ना? एक ठराविक सूर लागला की जास्त घुमतो."

"व्हय."

"ही पेटी तशीच. हिच्यात मी लहरी सोडतो, डोळ्यांना न दिसणाऱ्या. एका सुराला पेटी घुमते, तेव्हा हा काटा पडतो. आता पेटीत कांडी घातली की सूर..."

"उतरतो," द्वारकाबाई म्हणाल्या. "घागरीत कायतरी टाकल्यावर उतरंलच की."

सरांनी वहीतून मान वर केली. हे वाक्य एम.एस्सी.च्या पोरांकडून काढायला त्यांना तास-तास लागत असे.

"बरोबर. कोणत्या मेणानं किती उतरतो, ते या चकतीवर मोजायचं. दुकानातल्या मेणबत्तीचं पांढरं मेण घातलं, की शंभर घरं उतरतो. ते जमिनीतून निघणाऱ्या तेलापासून करतात, त्याला माशी माहीत नाही. माशीचं शुद्ध मेण घातलं, की एकशे सोळा. पांढऱ्याची भेसळ केली की शंभर आणि एकशे सोळाच्या मधे कुठं तरी येतं."

"आन् माजं?"

"एकशे वीस."

आबाराव खुर्चीवरून अर्धे उठले. "म्हंजे जास्तीच! मग घाबरवता कशाला? शुद्धाहून शुद्ध!"

"शुद्धाहून शुद्ध काही नसतं, आबाराव. सोळाच्या वर गेलं म्हणजे पांढरं नाही, दुसरं काही तरी आहे. राळ असेल. नाही तर पाणी. पाण्याचा थेंब जरी आत राहिला तरी सूर फार उतरतो."

"पानी?" द्वारकाबाई उभ्याच राहिल्या. "सर, तीन कोसांवरनं घागर आनतो आमी! मेनात घालाया पानी असतं तर प्याले नसते का म्या?"

सरांनी मान खाली घालून मेण तेलाच्या कढईत ठेवलेल्या भांड्यात वितळायला टाकलं आणि तासभर तापत ठेवलं. पाणी असतं तर तडतडलं असतं. तडतडलं नाही. पुन्हा कांड्या पाडल्या, पुन्हा पेटीत घातल्या. एकशे वीस. द्वारकाबाईंनी पिशवीतून आणखी दोन ढेपा काढल्या, एक दिवाळीतली आणि एक मागच्या उन्हाळ्यातली. एकशे वीस. एकशे वीस.

सरांनी पेन खाली ठेवलं. तीन हंगामांचं मेण, तीन वेगवेगळ्या ठिकाणची मोहळं, आणि आकडा केसभर हलत नव्हता. भेसळ करणाऱ्याचा हात असा एकसारखा चालत नाही. कधी चिमूट जास्त पडते, कधी कमी. प्रयोगशाळेत तराजू घेऊन केलेली मिश्रणंसुद्धा एवढी सारखी उतरत नाहीत, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? त्यांना या बाईचं मनापासून कौतुक वाटलं, आणि त्याच क्षणी काही तरी चुकतंय असंही वाटलं.

"ते सोळावालं कुठलं?" द्वारकाबाईंनी विचारलं.

सरांनी कपाटातून तपकिरी बाटली काढली. मुंबईच्या कंपनीची. लेबलवर इंग्रजीत माशीचं मेण, शुद्ध, असं छापलेलं. "ही प्रमाणाची बाटली. सगळं हिच्याशी ताडून बघायचं."

"दावा की जरा."

सरांनी चाकूनं एक तुकडा काढला आणि तळहातावर धरला. द्वारकाबाईंनी तो उचलला आणि सरळ तोंडात टाकला.

आबारावांची मान आपोआप दुसरीकडं वळली. बनसोडे कुणाचे, जळकोटच्या कुठल्या अंगाचे, हे त्यांना ठाऊक होतं, आणि धनगराच्या बाईनं त्यांच्या हातचं तोंडात टाकावं हे बघायची त्यांच्या डोळ्यांना अजून सवय नव्हती. माणूस वाईट नव्हता, डोळे जुने होते. सरांनाही ते दिसलं. शाळेत असताना सरांच्या हातचा खडूसुद्धा मास्तर टेबलावर ठेवायला सांगत. द्वारकाबाईंच्या मात्र ध्यानीमनीही नव्हतं. त्यांचा सगळा जीव दातांत गोळा झाला होता.

त्या सावकाश चावत राहिल्या. मधेच थांबल्या. तुकडा जिभेनं एका गालातून दुसऱ्या गालात नेला, पुन्हा चावला. मग बोटांनी तोंडातून काढून खिडकीच्या उजेडात धरला.

"ह्येला म्या दात लावनार न्हाय," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"खरं मेन आदी भुगा व्हतं, मग आपसूक गोळा व्हतं. ह्ये बी व्हतंय, पर मधीच निसटतंय, साबनावानी. पांढरं घातलंय ह्येच्यात. पाच वाट्यांत एक वाटी असंल."

सरांना राग आला. खरंच आला. "द्वारकाबाई, ही बाटली मुंबईहून सीलबंद आलीय. मी स्वतः सील फोडलंय."

"आसंल. सील तुमी फोडलं, पर लावलं कुनी?"

आबाराव आता उघडच हसले. सर हसले नाहीत. त्यांनी खणातून दिवे गेल्यावर लावायची मेणबत्ती काढली, पाठ फिरवली आणि बराच वेळ तराजू आणि कढईशी खुडबुड केली. मग बाईंचंच मेण, पण कशात पांढरं मिसळलेलं, कशात न मिसळलेलं, असे चार तुकडे चार कागदांवर ठेवून समोर आणले. रंगावरून ओळखू येऊ नये म्हणून आधी डोळे मिटायला लावले.

पहिला तुकडा. "माजं."

दुसरा. "घातलंय. पर थोडं. धाईत एक."

तिसरा. "ह्ये त्या बाटलीवानी. पाचात एक."

चौथा तुकडा तोंडात पडला आणि द्वारकाबाईंनी डोळे उघडले. "आवो, ह्ये आन् दुसरं एकच की! गरिबाला फशिवता व्हय?"

चारही बरोबर. सरांनी चार कागदांच्या मागं लिहिलेलं प्रमाण आबारावांना दाखवलं. दोन लाख खर्चून आणलेल्या यंत्राला जे कळायला अर्धा तास तापावं लागतं, ते या बाईच्या दाढेला दोन घासांत कळत होतं. माणसाला अशी गोष्ट दिसली की खरं तर आनंद व्हायला पाहिजे. सरांना झालाही. पण आता काय करायचं तेही अगदी स्पष्ट दिसत होतं, आणि ते करायला हात धजत नव्हते.

तिसऱ्या कागदावरच्या मेणाची कांडी पाडून पेटीत घालायची. चार भाग बाईंचं, एक भाग पांढरं. आकडा एकशे सोळा आला, की बाटली खोटी.

आणि बाटली खोटी, तर कपाटातलं सगळंच खोटं. दोनशे बारा मिश्रणं. प्रत्येक मिश्रण याच बाटलीतल्या मेणात कधी राळ, कधी लाख, कधी चरबी घालून केलेलं. तीन वर्षं, सुट्ट्या धरून. प्रबंध टाइप होऊन तयार होता, शेवटचं प्रकरण तेवढं राहिलं होतं, आणि तीस तारखेला तो विद्यापीठात द्यायचा होता. पुस्तकांतल्या आकड्यांपेक्षा त्यांचा आकडा पहिल्यापासूनच थोडा कमी पडत असे. तो फरक त्यांनी कधी विजेवर ढकलला, कधी हवेवर, कधी पेटीच्या पितळेवर. बाटलीवर एकदाही नाही. बाटलीवर शुद्ध असं छापलं होतं ना!

"सर, उशीर व्हतोय," आबाराव म्हणाले. "बाईंनी वळीखलं, झालं की. तुमी नुसतं लिवा, मेन शुद्ध हाय म्हनून. शिक्का मारा. यंत्र बी दमलं आसंल."

हे फार सोपं होतं. बाटलीचं नाव काढायचं नाही, आकडा लिहायचा नाही. दोन ओळी आणि एक शिक्का.

"नुसतं लिहून भागायचं नाही," सर म्हणाले. "पुणेवाले विचारतील, आकडा किती. एकशे वीस म्हटलं, की म्हणतील, आमच्या शुद्धाशी जुळत नाही. त्यांच्याकडंही असलीच बाटली असणार. तिच्याशीच ताडून तर त्यांनी तुमचा माल परत केलाय. बाटली खोटी म्हटल्याशिवाय यांचं मेण खरं ठरत नाही."

एवढं बोलून ते उठले. कांडी पाडली. तळव्यांत धरून ऊब दिली, द्वारकाबाईंनी दिली होती तशी. पेटीत सोडली. ऊब जाईपर्यंत पाच मिनिटं थांबले. खाली टँकर आला असावा, घागरींचा एकच गलका उठला. सरांनी चकती फिरवली आणि काटा पडला.

त्यांनी आकडा मोठ्यानं वाचला. "एकशे सोळा."

"पाचात एक," द्वारकाबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात जिंकल्याचा सूर नव्हता. चार दिवस छातीवर धोंडा होता, तो उतरल्यावर माणूस बोलतो तसं त्या बोलल्या आणि डोळ्यांना पदर लावला.

सरांनी कागद लिहायला घेतला. अणदूर सोसायटीचे तीन नमुने, तिन्ही शुद्ध, तिन्ही एकसारखे. तुलनेसाठी वापरलेले व बाजारात शुद्ध म्हणून विकले जाणारे मेण सुमारे एक पंचमांश भेसळयुक्त. सबब यापुढे तुलनेसाठी अणदूरचेच मेण प्रमाण मानावे. खाली सही केली, तारीख घातली, विभागाचा शिक्का मारला. शाई वाळेपर्यंत कागद धरून उभे राहिले आणि मग आबारावांच्या हातात दिला.

आबारावांनी तो दोनदा वाचला. 'प्रमाण मानावे' या शब्दांवर बोट ठेवून तिसऱ्यांदा वाचला.

"बाई," ते म्हणाले, "उद्या बैठकीत ह्यो कागद म्या सोता वाचतो. भट्टी काढा म्हननाऱ्यांची तोंडं बघाया या तुमी."

"मला भट्टी पेटवायची आसती सकाळी. तोंडं तुमीच बगा."

आबाराव हसत हसत जीप बघायला खाली गेले. मनात आलं असतं तर रस्ताभर नाचतच गेले असते.

द्वारकाबाईंनी ढेपा पिशवीत भरल्या. मोडलेल्या कांडीचे तुकडेसुद्धा वेचून घेतले. एक ढेप हातात घेऊन थांबल्या आणि ती सरांच्या टेबलावर ठेवली.

"ती बाटली टाकून द्यावी लागंल तुमास्नी. नवं मेन लागंल. म्या दीन. किती लागंल?"

सर कपाटासमोर उभे होते. तोंड कपाटाकडंच होतं.

"तीन वर्षांचं," ते म्हणाले.

द्वारकाबाई हसल्या. "आवो, वजनात सांगा की! वर्साच्या मापानं मेन कुठं..."

आणि त्यांचं हसू तिथंच राहिलं. सरांनी कपाटातून जाड कागदांचा गठ्ठा काढला होता, लाल दोऱ्यानं बांधलेला. ते एकेक पान उलटत होते आणि आकड्यांच्या तक्त्यांवर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत रेघ मारत होते. द्वारकाबाईंना अक्षर येत नव्हतं. पण कपाटाच्या फळ्यांवर चिठ्ठ्या लावलेल्या काचेच्या नळ्या ओळीनं उभ्या होत्या, वरपासून खालपर्यंत, प्रत्येकीच्या तळाशी थोडं थोडं पिवळं मेण. आणि ते पिवळं कुठून आलं, हे त्यांना आता कुणी सांगायला नको होतं.

"समदं त्याच बाटलीतलं?"

"हो."

"आन् तुमास्नी आदीच कळलं हुतं. ती कांडी घालायच्या आदीच."

सरांनी पुढच्या तक्त्यावर रेघ मारली, पान उलटलं.

खालून जीपचा हॉर्न वाजला. एकदा, मग लांबलचक दुसऱ्यांदा. "बाई, चला!" आबारावांची हाक आली. "लोहाऱ्याची मानसं हायेत गाडीत, थांबायची न्हाईत!"

द्वारकाबाई खिडकीशी गेल्या.

"जाऊ द्या जीपला," त्यांनी वरून सांगितलं. "म्या येते मागनं यष्टीनं."

मग त्यांनी पिशवीतल्या बाकीच्या ढेपाही पुन्हा बाहेर काढल्या, पदर खोचला आणि तेलाच्या कढईखाली शेगडी कशी पेटवतात ते बघायला वाकल्या.

"सर," त्या नळ्यांच्या ओळींकडं बघत म्हणाल्या, "आदी कुठली घ्यायची?"